आमची वाटचाल : मिक्सर ते इंजेक्टर

पेट्रोलच्या गाड्यांना एलपीजी गॅसचं किट बसवणं हे आमच्या वर्कशॉपचं काम. सुरुवात मिक्सर किटपासून झाली. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी गॅस हवेत मिसळणारा मिक्सर, बाजूला द्रव गॅसचा दाब उतरवून वाफ करणारा रिड्यूसर, डिकीत गॅसची टाकी. खर्च किती वाचेल, एवढंच गिऱ्हाईक विचारायचं आणि आम्हीही तेवढंच सांगायचो.

पहिला धडा बॅकफायरने, म्हणजे गॅस इंजिनाबाहेरच पेटण्याने, दिला. जुन्या प्लग वायरी न बदलता एका गाडीला किट बसवलं आणि ट्रायललाच एअर फिल्टरचा डबा फुटला. मिक्सर किटमध्ये इनटेकभर, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत, गॅस आणि हवा भरलेली असते. ठिणगी चुकली की तिथेच पेट घेते. चूक आमची होती, डबा बदलून दिला. तेव्हापासून इग्निशन तपासल्याशिवाय किटला हात लावत नाही.

पुढे सिक्वेन्शिअल इंजेक्शन आलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीला इंजेक्टरमधून गॅस, आणि कामच पालटलं. गाडी पेट्रोलवर सुरू होते, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तापलं की आपोआप गॅसवर जाते. रिड्यूसरला कूलंटची ऊब लागते, नाहीतर तो गोठतो. आता निम्मं काम पान्याचं, निम्मं लॅपटॉपवर ट्यूनिंगचं.

या इंधनावर माझा विश्वास बसला तो डिपस्टिकमुळे, म्हणजे इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीमुळे. बरेच महिने गॅसवर चाललेल्या गाडीची डिपस्टिक फडक्यावर पुसली, तर ऑइल अजून मधाच्या रंगाचं. गॅस वाफ होऊन आत जातो, काजळी फारशी धरत नाही. धुरातले कणही कमी आणि कार्बन डायऑक्साइड पेट्रोलपेक्षा साधारण 10 ते 15 टक्के कमी.

उणी बाजूही किट बसवायच्या आधीच सांगतो. लिटरमागे अ‍ॅव्हरेज कमी मिळतं. काही इंजिनांच्या व्हॉल्व सीट, म्हणजे व्हॉल्व जिथे टेकतात त्या कडा, मऊ असतात, त्या लवकर झिजतात. त्यांचं टॅपेट, म्हणजे व्हॉल्वची फट, वेळच्या वेळी बघावं लागतं. टाकी 80 टक्क्यांपेक्षा जास्त भरायची नाही, कारण उन्हात द्रव फुगतो. आणि हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून आमच्याकडे गॅसच्या गाड्यांचं काम गाडीखाली उतरायच्या खड्ड्यावर होत नाही.

शेवटी हेही खनिज इंधनच, मधल्या काळापुरतं. पण आज रस्त्यावर असलेल्या गाड्या अजून कित्येक वर्षं धावणार आहेत, आणि तेवढी वर्षं त्यांनी कमी धूर सोडावा, हे मला मनापासून वाटतं. आमची दोन मुलं सध्या इलेक्ट्रिक गाड्यांचं काम शिकताहेत. तोवर रोज संध्याकाळी गॅस गळतोय का ते बघायला प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मी स्वतः लावतो. एक बुडबुडा दिसला तरी ती गाडी रात्री इथेच राहते.