कानाकडे कोण बघतं!

दुपारी चारच्या सुमाराला, ऊन तिरपं झालं की, लोकलच्या खिडकीशी उजेडाकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा कान बघावा. चेहरा काळवंडलेला असतो, नाकडोळे नीट कळत नाहीत, आणि कान मात्र लालबुंद. त्याला पत्ताही नसतो. तो आपला मोबाइलमध्ये.

व्यक्तिचित्रात कानाचं नशीब तसं फुटकंच. सगळा वेळ डोळे आणि ओठांचे कोपरे खातात. कानाची पाळी येते शेवटी, मॉडेलची मान अवघडलेली आणि चित्रकाराचा चहा गार झालेला असताना. मग समोर न बघता, हाताच्या सवयीनेच कान उतरतो. बाहेर एक कड, आत एक वळण, खाली पाळी. डोक्याला करंजी चिकटवल्यासारखा. जोवान्नी मोरेल्ली या इटालियन गृहस्थाने १८७०च्या दशकात नेमकं हेच पकडलं. शिक्षण वैद्यकाचं, लेख लिहिले जर्मनमध्ये आणि तेही रशियन टोपणनावाने! जुनं चित्र खरं कुणाचं हे ठरवताना तो कान आणि नखं तपासायचा. भाव नकलता येतात, कान नकलायचं कुणाच्या मनातही येत नाही.

चेहरा सरळ असेल तर कानाचा वरचा काठ साधारण भुवईच्या रेषेत, पाळी नाकाच्या बुडाशी. मान खाली घातली की चेहऱ्याच्या हिशेबात कान वर सरकतो, मान वर केली की खाली येतो. हे विसरलं की माणूस पुस्तक वाचतोय आणि कान समोरच्या भिंतीकडे, असा प्रकार होतो. शिवाय कान उभा नसतो, किंचित मागे कललेला असतो. बुगडी असो की भिकबाळी, आधी कान पुरा करावा, मग दागिना. नाहीतर दागिना हवेत लटकतो. कुडीच्या मोत्यांना आधी राखाडी, गालाकडच्या बाजूला गालाचाच रंग, आणि पांढरा ठिपका मोत्याला एकच. दुसरा ठिपका दिला की मोती प्लॅस्टिकचा.

खरी फजिती रंगात. मागून आलेला उजेड रक्तातून गाळून बाहेर पडतो. तैलरंगात त्यासाठी बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल आणि कणभर कॅडमियम ऑरेंज पुरतं. पांढरा घातला की संपलं, कान खडूसारखा गुलाबी आणि आंधळा होतो. 'फ्लेश टिंट', म्हणजे कातडीचा रंग, या नावाची जी ट्यूब मिळते, ती तर गोऱ्या कातडीच्या हिशेबाने बनलेली. आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्यांना तिचा काडीचा उपयोग नाही. नारिंगीचा थर टर्पेंटाइनमध्ये पातळ द्यावा, पुरता वाळू द्यावा, मग वरून जवसाच्या तेलात अलिझरिन. खाली तेलकट आणि वर कोरडं केलं तर पुढे तडे जातात. कड पातळ असते, म्हणून ती नारिंगी. आतल्या घड्या जाड, म्हणून तपकिरी. आणि शेजारचे केस आधी काळे करून घ्यावेत. त्याशिवाय कान पेटत नाही.

जलरंगात हेच दसपट अवघड, कारण तिथे उजेड म्हणजे कोरा कागद. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांनी १९४५-४६च्या सुमारास 'ग्लो ऑफ होप' हे चित्र जलरंगातच केलं. मॉडेल त्यांची मुलगी. दिव्याची ज्योत तिने हाताने आडोसा करून धरली आहे, आणि बोटांमधून तो लाल उजेड झिरपतो आहे. कानाचंच तत्त्व, फक्त बोटांवर. असा रंग पहिल्या पिवळ्या वॉशमध्येच, म्हणजे पाणीदार पातळ थरातच, राखावा लागतो. वरचा लाल दोनतीन हातांत बसला तर बसला, पुढे नुसता चिखल. चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि आजही कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं समजून फॉरवर्ड करतात. रविवर्मा १९०६ सालीच गेले, पण फॉरवर्ड करणाऱ्याला काय सांगणार!

केस मोकळे सोडलेलं मॉडेल समोर बसलं की काही चित्रकारांची कळी एकदम खुलते. तेव्हा कारण विचारू नये.