तुम्ही विचारलंत म्हणून: दोन फोटोंमधली काळी फट

मी फोटो बघायचं सॉफ्टवेअर, म्हणजे व्ह्यूअर, लिहिलंय हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "फोटो बघायला स्वतःचं सॉफ्टवेअर कशाला? विंडोजमध्ये आहे, मोबाइलमध्ये आहे, फुकटची तर ढिगाने मिळतात." प्रश्न रास्त आहे. इरफान स्किल्यान यांचा इरफानव्ह्यू हा व्ह्यूअर १९९६ पासून आहे आणि एखादा फोटो झटकन उघडायला आजही तो उत्तम आहे. वृत्तछायाचित्रकार फोटो मेकॅनिक नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, तेही वेगासाठीच. मग मी यात का पडलो?

फोटो बघणं वेगळं आणि निवडणं वेगळं, म्हणून. माझा मावसभाऊ लग्नाचे फोटो काढतो. पुण्यातल्या बेताच्या लग्नातसुद्धा हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन-तीन कॅमेऱ्यांचे मिळून चार-पाच हजार फोटो सहज होतात. त्यातला अंतरपाटाचाच क्षण घ्या. शेवटचं 'सावधान' होतं, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता उडतात, सनई सुरू होते आणि सगळ्या कॅमेऱ्यांची बटणं एकाच वेळी दाबलेली असतात. दोन-तीन सेकंदांत तीस-चाळीस फोटो. एकात नवरीचे डोळे अर्धे मिटलेले, एकात तांदळाचा दाणा बरोबर नवऱ्याच्या नाकासमोर, एकात दोघंही छान पण फोकस मागे उभ्या मामाच्या फेट्यावर. अल्बममध्ये जाणार एकच. तो शोधायचा म्हणजे जवळजवळ सारखेच फोटो एकामागून एक नजरेखालून घालायचे आणि काय बदललं ते टिपायचं. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर ढोलपथकं टिपणाऱ्यांना हेच करावं लागतं. टिपरू हवेत आहे आणि चेहराही स्पष्ट आहे, असा एखादाच फोटो त्या ढिगात असतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर होडीतून पक्ष्यांमागे फिरणाऱ्यांचंही तेच.

इथे आपल्या डोळ्यांची एक मर्यादा आड येते. रोनाल्ड रेन्सिंक, केव्हिन ओ'रेगन आणि जेम्स क्लार्क यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक चित्र आणि त्याचीच, एखादी गोष्ट बदललेली प्रत, अशी दोन चित्रं आलटून पालटून दाखवायची आणि मध्ये जेमतेम ८० मिलीसेकंद कोरा पडदा ठेवायचा. बदल चांगला मोठा असला तरी बघणाऱ्यांना तो बराच वेळ सापडत नसे. कोरा पडदा काढला की तोच बदल चटकन नजरेत भरतो. एरवी बदललेल्या जागी जी हालचाल होते ती नजरेला तिकडे ओढून नेते. मध्ये कोरं आलं की सगळा पडदाच हलतो आणि ती खूण त्यात बुडून जाते.

आता बऱ्याच व्ह्यूअरमध्ये काय होतं ते आठवा. ॲरो दाबला की क्षणभर काळं, मग अंधूक चित्र, मग स्पष्ट चित्र. म्हणजे तो प्रयोगच आपण एका बैठकीत हजारो वेळा स्वतःवर करून घेतो. वेळ जातो हे खरंच, पण त्याहून मला खुपतं ते असं की अशाने निवड बिघडते. मिटलेली पापणी सुटून जाते, चांगला फोटो मागे राहतो. म्हणून माझ्या व्ह्यूअरचा पहिला नियम हा: दोन फोटोंच्या मध्ये एकही काळी फ्रेम येता कामा नये. नवा फोटो तयार नसेल तर जुना तसाच दिसत राहील, पण काळं पडणार नाही. बाकीचं सगळं काम हा एक नियम पाळण्यासाठी आहे.

हे अवघड का, ते हिशेबाने कळतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४००० पिक्सेल. कार्डवर जेपेग फाइल (फोटो दाबून साठवायचा नेहमीचा प्रकार) असते आठ-दहा एमबीची; पण उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर ती मेमरीत ९६ एमबी जागा घेते. साध्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमधल्या एका कोअरला हे उलगडायला शे-दोनशे मिलीसेकंद लागतात. पडदा मात्र सेकंदाला ६० वेळा रंगतो, म्हणजे एका फ्रेमला १७ मिलीसेकंदसुद्धा मिळत नाहीत. त्यात १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर मावतात जेमतेम वीस-एकवीस लाख पिक्सेल. म्हणजे दोन कोटी चाळीस लाख पिक्सेल मेहनतीने तयार करायचे आणि बारातले अकरा भाग टाकून द्यायचे.

यातून सुटका जेपेगच्या रचनेतच आहे, आणि मला हा भाग फार आवडतो. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोन ६४ आकड्यांत मांडतो. पहिला आकडा त्या चौकोनाची सरासरी सांगतो. पुढचे आकडे क्रमाक्रमाने बारीक तपशील भरत जातात. नुसता पहिला आकडा घेतलात तर ७५० गुणिले ५०० चं छोटं पण खरं चित्र हाती येतं, मोठं चित्र न बनवताच. आणखी थोडे आकडे घेतले की पाव आकाराचं, आणखी घेतले की निम्म्या आकाराचं. जेपेग उलगडणाऱ्या लिबजेपेग या तयार कोडमध्ये ही सोय बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि लिबजेपेग-टर्बो तेच काम प्रोसेसरच्या खास सूचना वापरून जास्त वेगाने करतं. आपल्या पडद्याला पाव आकार, म्हणजे १५०० गुणिले १०००, किंचित कमी पडतो आणि निम्मा पुरून उरतो. निम्मा घेतला की लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी होतात, म्हणून मेमरी ९६ वरून २४ एमबीवर येते.

मात्र आठव्या हिश्शाचं चित्र चौसष्टपट लवकर मिळेल असं समजू नका. जेपेगमधले आकडे हफमन पद्धतीने दाबून एका सलग ओळीत बसवलेले असतात. पुढचा चौकोन कुठे सुरू होतो हे मागचा वाचल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे ती ओळ सबंध वाचावीच लागते. बचत होते ती त्यापुढच्या गणिताची, रंगांच्या रूपांतराची आणि मेमरीतल्या ने-आणीची.

तेव्हा नुसतं लवकर उलगडून भागत नाही, आधीच उलगडून ठेवावं लागतं. तुम्ही पुढे जात असाल तर पुढचे काही फोटो तयार ठेवायचे, मागचे दोन-तीन हाताशी असू द्यायचे. दिशा बदलली की हिशेब उलटा. आणि ज्या फोटोची गरज संपली त्याचं चालू काम अर्ध्यातच सोडून द्यायचं. हे सोडून देणं सर्वात महत्त्वाचं आहे. ते नसेल तर प्रोसेसर मागे पडलेले फोटो इमानाने उलगडत बसतो आणि समोर हवा असलेला रांगेत उभा राहतो.

डिस्कवरून फाइल वाचण्याचं गणित मात्र वेगळं. स्टुडिओतले जुने फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतात. फिरत्या डिस्कवरून सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी येतात, म्हणजे दहा एमबीची फाइल वाचायलाच दशांश सेकंद गेला. आठ थ्रेड (प्रोग्रॅममधली एकाच वेळी चालणारी कामं) एकदम आठ फाइली मागायला लागले की डिस्कचं हेड इकडून तिकडे धावत राहतं आणि वेग आणखी पडतो. म्हणून माझ्याकडे डिस्क वाचणारा थ्रेड एकच आहे आणि उलगडणारे अनेक. खिडकी रंगवणारा थ्रेड यातल्या कोणासाठीही थांबत नाही.

ॲरो की दाबून धरली की कीबोर्ड सेकंदाला तीसेक वेळा 'पुढे' म्हणतो. तेवढ्या वेगात निम्म्या आकाराचे फोटो पुरवणं साध्या मशीनला झेपत नाही आणि डोळ्यालाही त्याची गरज नसते. त्या वेळी आधीच बनवून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये साठवलेली ७५० पिक्सेल रुंदीची चित्रं ताणून दाखवली जातात. पक्ष्याचे पंख वरखाली होताना दिसतात, नवरीची मान वळताना दिसते. बोट उचललं की तिथेच तो फोटो स्पष्ट होतो. तो स्पष्ट होईपर्यंत कोपऱ्यात एक छोटा ठिपका असतो, कारण कच्चं चित्र बघून कोणी 'फोकस गेलाय' म्हणून चांगला फोटो बाद करू नये. फोकस तपासायला झूम करता तेव्हा पुढच्या फोटोवरही तोच झूम आणि तीच जागा कायम राहते. डोळ्याच्या बाहुलीवर नजर ठेवायची आणि फक्त फोटो बदलत जायचं. चौथा शार्प आहे की पाचवा, हे तेव्हा एका नजरेत कळतं.

रॉ फाइलींचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरची कच्ची माहिती साठवणाऱ्या फाइलींचं, काम तुलनेने सोपं निघालं. बहुतेक रॉ फाइलींच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेलं जेपेग असतं. काही कॅमेऱ्यांत पूर्ण आकाराचं, काहींत सोळाशे-सतराशे पिक्सेल रुंदीचं. ते कुठे सुरू होतं हे फाइलीच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं, तेवढाच तुकडा वाचायचा.

एक्झिफमधल्या (कॅमेरा फोटोसोबत फाइलीत लिहितो त्या माहितीतल्या) १६० गुणिले १२० च्या थंबनेलवर, म्हणजे छोट्या नमुनाचित्रावर, मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. तीनास दोन प्रमाणाच्या फोटोला त्यात बऱ्याचदा वर-खाली काळ्या पट्ट्या असतात, त्या कापाव्या लागतात. शिवाय काही सॉफ्टवेअर फोटो कापल्यावर आतलं थंबनेल बदलतच नाहीत. कोणाला तरी वगळून फोटो पाठवावा आणि थंबनेलमध्ये तो माणूस तसाच असावा, असं खरंच घडू शकतं.

लोकांना सर्वात कमी जाणवणारी गोष्ट म्हणजे फोटोंचा क्रम. कॅमेऱ्याच्या फाइलींचे आकडे ९९९९ वर संपतात आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. लग्नाच्या मध्येच आकडा फिरला तर नावानुसार लावलेल्या फोल्डरमध्ये पंगत आधी आणि मंगलाष्टकं नंतर. म्हणून क्रम एक्झिफमधल्या वेळेनुसार हवा. ती वेळ सेकंदापर्यंत असते; सेकंदाचा अंश वेगळ्या रकान्यात असतो आणि बर्स्टसाठी, म्हणजे सलग झटपट काढलेल्या फोटोंसाठी, तोही वाचावा लागतो. जेपेगमधला एक्झिफचा भाग फाइलीच्या सुरुवातीला आणि ६४ केबीच्या आत असतो, तेव्हा सबंध फाइल वाचायची गरज नाही. पण हजारो फाइलींचं एवढंसं वाचायलाही वेळ जातोच. त्यामुळे फोल्डर उघडताच नावांच्या क्रमाने पहिला फोटो दिसतो, वेळा मागून गोळा होतात, आणि क्रम बदलला तरी तुमच्या समोरचा फोटो हलत नाही.

त्यात प्रत्येक कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं. एक चार मिनिटं पुढे, एक दीड मिनिट मागे. यावर उपाय पुन्हा अंतरपाटच. प्रत्येक कॅमेऱ्यातला अंतरपाट दूर होतानाचा एक-एक फोटो दाखवून 'हे एकाच वेळचे' असं सांगायचं की बाकीच्या सगळ्यांची वेळ तेवढीच सरकते आणि सगळं लग्न एका ओळीत येतं. मावसभावाला वेगापेक्षाही हे जास्त आवडलं, आणि मलाही ही सोय या सॉफ्टवेअरचं निम्मं मोल वाटते.

रंगांबद्दल थोडंच सांगतो. ॲडोब आरजीबी या रंगपद्धतीत काढलेला फोटो आतलं प्रोफाइल (रंगांचे आकडे कसे वाचायचे ते सांगणारी नोंद) न वाचता दाखवला तर शालूचा लाल रंग विटल्यासारखा दिसतो आणि फोटोग्राफर विनाकारण तो वाढवत बसतो. प्रोफाइल वाचून रंग बदलायचं काम ग्राफिक्स कार्डावर टाकलं की त्याला जवळजवळ वेळच लागत नाही. वेगासाठी ते गाळायचं काहीच कारण नाही.

यावर पुढचा प्रश्न येतो, "मग यात एडिटिंग का नाही, चेहरे ओळखणं का नाही?" कारण मूळ फाइलीला हात लावायचा नाही, हा माझा दुसरा नियम आहे. कोणाच्या तरी लग्नाची ती एकमेव प्रत असू शकते. निवडलेला फोटो, दिलेले तारे, हे सगळं शेजारच्या छोट्या एक्सएमपी नावाच्या नोंदींच्या फाइलीत लिहिलं जातं आणि रॉ फाइलींच्या बाबतीत ते लाइटरूमसारख्या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरला वाचता येतं. डिलीटचं बटणच ठेवलेलं नाही.

तुमच्यापैकी कोणाला असं काही लिहायचं असेल तर जरूर लिहा. लिबजेपेग-टर्बो, पडद्यावर चित्र दाखवणारं एसडीएल, एसक्यूलाइट सगळं खुलं आहे. चाचणी मात्र खऱ्या लग्नाच्या फोल्डरवर घ्या, तीही बाहेरच्या फिरत्या डिस्कवर. एकदा वाचलेल्या फाइली ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत धरून ठेवते, त्यामुळे दुसऱ्या खेपेला सगळंच वेगवान वाटतं. डिस्क नीट काढा, पुन्हा लावा, आणि मगच वेळ मोजा.