गच्चीवर जुना हॉलिवूड

मे महिन्यात नागपुरात जुना इंग्रजी सिनेमा दाखवायचा तर गच्चीच बरी. हॉलमध्ये कूलर लावावाच लागतो, आणि त्याच्या घरघरीत भरभर बोललेले संवाद बुडून जातात. साडेसातपर्यंत पुरेसा अंधार पडतो. चादरीचा पडदा दुहेरी घ्या, खालच्या काठात पाइप ओवा, म्हणजे वाऱ्याने फडफडणार नाही. या सिनेमांचा आवाज बहुधा मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा असतो, त्यामुळे एकच चांगला स्पीकर पुरतो. तो मात्र पडद्याखाली ठेवा, प्रोजेक्टरशेजारी नको.

नवखे प्रेक्षक कृष्णधवलला कंटाळतात असं म्हणतात, पण बरेचदा दाखवण्यातच चूक असते. १९५३ च्या आधीच्या बहुतेक सिनेमांची चौकट १.३७ : १ असते. पडदाभर ताणली की माणसं बुटकी आणि जाडी दिसतात. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. चित्र ६ फूट उंच असेल तर रुंदी सव्वाआठ फूट हवी. टीव्हीवर दाखवणार असाल तर मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीतली सोय) आधी बंद करा, नाहीतर अभिजात सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

सबटायटल्सचा घोळ सगळ्यात जास्त. सुरुवातीला जुळतात आणि तासाभराने अडीच मिनिटं मागेपुढे होतात, तेव्हा सबटायटल्सची फाइल सेकंदाला २५ फ्रेमची आणि सिनेमा २३.९७६ चा, असा मामला असतो. व्हीएलसी या प्लेअरमध्ये सबटायटल्स मागेपुढे सरकवणाऱ्या जी-एच कळा दाबून तो सुटत नाही, कारण फरक वाढतच जातो. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फाइलचा फ्रेमरेट बदला. मराठी फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा, नाहीतर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं उमटतात.

पहिल्या खेळाला ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) घ्या. त्याचा हिंदी अवतार ‘एक रुका हुआ फैसला’ पाहिलेल्यांना गोष्ट ओळखीची असते. इतरांना आधी एवढंच सांगा की मुंबईतल्या गाजलेल्या नानावटी खून खटल्यात होती तशीच ही ज्युरी, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक, पण तिथे कौल आठ विरुद्ध एक होता, इथे बाराही जणांचं एकमत लागतं. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने कॅमेरा आधी डोळ्यांच्या वर ठेवला, मग हळूहळू खाली आणला आणि लेन्सेस लांब पल्ल्याच्या करत नेल्या. भिंती जवळ येतात, शेवटी छत दिसू लागतं. घामाने भिजलेले सदरे आणि बंद पंखा नागपूरकरांना वेगळे समजवावे लागत नाहीत. बाहेर पाऊस कोसळतो, कुणीतरी दिवा लावतो आणि त्याच बटणावर पंखाही फिरू लागतो. ९६ मिनिटांत मध्यंतर घेऊ नका, चहा आधीच द्या.