व्हीएफडीचा हिरवट-निळा उजेड

परभणीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात जुने कॅसेट डेक, ॲम्प्लिफायर, मोंढ्यातले (धान्यबाजारातले) वजनकाटे येतात. त्यातल्या काचेच्या व्हीएफडी (व्हॅक्यूम फ्लुओरेसंट डिस्प्ले) डिस्प्लेवर माझा फार जीव आहे. निर्वात काचेत इलेक्ट्रॉन फॉस्फरवर, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळले की उजळणाऱ्या पुडीवर, पडतात आणि आकडे पेटतात. अंधाऱ्या गोदामातही आकडा लांबून वाचता येतो. पण बहुतेकांचा रंग हिरवट-निळाच का, असं गिऱ्हाईक विचारतं. त्याचं कारण फार सुंदर आहे.

जुन्या टीव्हीच्या रंगीत पिक्चर ट्यूबमध्येही इलेक्ट्रॉनच फॉस्फर उजळवायचे, पण ते 20-25 हजार व्होल्टच्या जोरानं यायचे. फॉस्फरच्या पाठीला ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असायचा. इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जायचे, साचलेला विद्युतभार त्याच थरातून निघून जायचा, आणि मागं वाया जाणारा उजेडही आपल्याकडं वळायचा.

व्हीएफडी चालतो 20 ते 50 व्होल्टवर. इतक्या कमी जोरात ॲल्युमिनियम ओलांडणं शक्यच नाही. शिवाय झिंक सल्फाइडसारखा फॉस्फर वीज वाहू देत नाही. आलेले इलेक्ट्रॉन कणावरच बसतात, कण ऋणभारित होतो आणि मागून येणाऱ्यांना परत लोटतो. मोंढ्याच्या फाटकात एक ट्रॉली रिकामी होईना की मागची रांग जागेवरच, तसं. उजेड पडणार कुठून?

झिंक ऑक्साइड मात्र थोडं जास्तीचं झिंक राखून बनवलं की स्वतःच वीज वाहतं, आणि त्याचा उजेड असतो हिरवट-निळा! 1967 मध्ये जपानच्या तादाशी नाकामुरांनी व्हीएफडी बनवला, तेव्हापासून हाच फॉस्फर मुख्य राहिला. दुसरे रंग हवे असतील तर सल्फाइड फॉस्फरमध्ये इंडियम ऑक्साइडची बारीक पूड मिसळतात. ही पूड स्वतः उजळत नाही. कमी पडली तर भार साचतो, जास्त झाली तर इलेक्ट्रॉन तीच खाते. कणावर वीज वाहणारा लेप द्यायचा तरी हाच पेच. हजार व्होल्टचा इलेक्ट्रॉनसुद्धा काही नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) ते काही दहा नॅनोमीटरच आत शिरतो, म्हणजे लेप त्याहून पातळ हवा. खरी कारागिरी इथं आहे, आणि तिचं नाव कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

तुमच्याकडं मंद झालेला व्हीएफडी असेल तर लगेच भंगारात टाकू नका. सगळेच आकडे मंद असतील तर आधी फिलामेंट (इलेक्ट्रॉन सोडणारी तार), ग्रिड (त्यांना आवरणारी जाळी) आणि ॲनोड (फॉस्फर लावलेला भाग) यांचं व्होल्टेज मोजा, सप्लायचे कपॅसिटर तपासा. व्होल्टेज बरोबर आहे आणि रोज पेटणारेच भाग काळवंडलेत, तर मात्र फॉस्फर थकलाय. तिथं दुसरी काच मिळवावी लागते.