गुरुजी नोकरी सोडतात ती केव्हा आणि कशी

“पगार बरा, सुट्ट्या भरपूर, मग मास्तर लोक नोकरी का सोडतात?” जळगाव-धुळ्याकडे लग्नाच्या मांडवातही हा प्रश्न निघतो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो. साने गुरुजींनीही अमळनेरची शाळेतली नोकरी १९३० साली सोडली होती, पण ती सत्याग्रहासाठी. आजची कारणं फार साधी आहेत.

कायम झालेला जिल्हा परिषद शिक्षक सहसा राजीनामा देत नाही. खरी गळती त्याआधीची. तासिका तत्त्वावरच्या माणसाला तास झाला तरच पैसे, उन्हाळ्यात हात कोरडे. विनाअनुदानित शाळेला अनुदान मिळतं तेही २०, ४०, ६० टक्के अशा टप्प्यांनी. तिशी उलटली की असा माणूस क्लास काढतो, नाहीतर रावेर-यावलकडे केळीच्या धंद्यात शिरतो. राजीनाम्यांच्या आकड्यात तो कुठेच दिसत नाही.

दुसरे शिक्षणसेवक. तीन वर्षं मानधन, प्राथमिकला २०२३ पासून महिना १६,००० रुपये. त्याआधी ६,००० होतं. तेवढ्यात तलाठ्याची किंवा पीएसआयची यादी लागली की पोरगा गेला. त्याला दोष कसा द्यायचा?

आता नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीकडची दोनशिक्षकी शाळा घ्या. पट ६० पर्यंत असला तर शिक्षक दोनच, आणि वर्ग चार-पाच. सकाळी पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा: पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम, म्हणजे ४० मुलांना ४ किलो. नोंदवही लिहायची, मग तीच माहिती मोबाइलवर भरायची, आणि रेंज नसेल तर टेकडी गाठायची. जोडीदार प्रशिक्षणाला गेला की सगळे वर्ग एकाच्या गळ्यात. मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात. लातूर-सांगलीकडून आलेल्या गुरुजींना पहिलं वर्ष त्यांचं बोलणं समजण्यातच जातं. दिवाळीनंतर घरंच्या घरं गुजरातेत ऊसतोडीला निघतात, हजेरी कोसळते आणि जाब मात्र गुरुजींना. पट घसरला तर अतिरिक्त ठरून दुसरीकडे समायोजन. निवडणूक आणि जनगणनेची कामं शिक्षकांना लावायची मोकळीक तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नेच ठेवलीय. इथला माणूस नोकरी सोडत नाही, बदलीची फाइल धरून बसतो. शिकवणं मात्र त्याने मनातून कधीच सोडलेलं असतं, आणि माझ्या मते जास्त नुकसान तेच करतं.

पन्नाशीजवळच्यांचं वेगळंच. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पहिली ते आठवीच्या, सेवेची पाच वर्षांहून जास्त उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास होणं बंधनकारक केलं. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेले लोक त्यावरून स्वेच्छानिवृत्तीची चौकशी करू लागले.

करायचीच असेल तर नीट करा. जुन्या पेन्शनवाल्यांना, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना, २० वर्षं अर्हताकारी, म्हणजे पेन्शनला धरली जाणारी, सेवा लागते आणि तीन महिन्यांची नोटीस. नुसता राजीनामा देऊ नका, त्याने मागची सेवा बुडते. दुसऱ्या सरकारी नोकरीत जायचं असेल तर अर्ज खात्यामार्फत करा, परवानगी लेखी घ्या आणि राजीनाम्यात त्या नियुक्तीचा उल्लेख करा. आणि त्याआधी सेवापुस्तक उघडून पाहा. वेतननिश्चितीच्या आणि रजेच्या नोंदी बहुतेक वेळा तिथेच अपुऱ्या असतात.