पंचगंगेवर गळ टाकायच्या आधी पाण्याचे आकडे कसे बघायचे, माझा अनुभव

पावसाळा लागला की कोल्हापुरात सगळ्यांच्या मोबाईलवर एकच मेसेज फिरतो, राजाराम बंधारा पाणी पातळी इतके फूट इतके इंच, इतके बंधारे पाण्याखाली, राधानगरीतून इतका क्युसेक विसर्ग. पंचगंगेवरच्या या बंधाऱ्याला 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. लोक तो मेसेज पुराच्या काळजीनं बघतात आणि मी बघतो गळ टाकायला जायचं का घरात बसायचं ते ठरवायला. बायको म्हणते सगळ्या गावात पाणी वाढल्यावर खूश होणारा तू एकटाच असशील, पण तसं नाहीये, घाटावर माझ्यासारखे बरेच आहेत.

सुरुवातीला मी नुसते फूट बघायचो, 20 फूट आहे म्हणजे चला, 30 आहे म्हणजे नको. घाटावर एक मामा बसायचे, साधी बांबूची काठी आणि डब्यात गांडुळं, त्यांना विचारलं की मामा आज कितीवर लागतंय ओ, तर म्हणाले, "आकडा ऱ्हाऊ दे की बाबा, चढतंय का उतरतंय ते बघ आदी." आणि काठावर बोट दाखवलं. पाण्याच्या वर चार बोटं ओल्या चिखलाची पट्टी दिसत असेल तर पाणी उतरतंय, आणि पाणी थेट कोरड्या मातीला आणि गवताला टेकलेलं असेल, वर काड्या, पालापाचोळा, प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत येत असतील तर चढतंय. इतकं सोपं.

त्यानंतर मी मेसेजपण तसाच वाचायला लागलो, म्हणजे एक मेसेज वाचून काही उपयोग नाही, आधीचा आणि आताचा दोन्ही समोर ठेवायचे. समजा सकाळी 7 ला 22 फूट 4 इंच होतं आणि दुपारी 1 ला 22 फूट 10 इंच झालं तर सहा तासात सहा इंच, तासाला इंचभर. हे असं हळू चढणारं पाणी मला सगळ्यात आवडतं कारण काठावरचं गवत नुकतंच बुडालेलं असतं, त्यातले किडे गांडुळं खायला मासा पार कडेला येतो, गळ मधे लांब फेकायची गरजच नाही, पायापासून दहा-पंधरा फुटावर टाकायचा. गढूळ पाण्यात शिंगटा आणि वाम गांडुळावर चांगली लागते. तासाला चार-पाच इंच वाढत असेल तर मात्र जाऊच नका, गळ बुडायला दोरीला बांधलेलं शिसं जागेवर थांबत नाही, दोरीला सगळा कचरा गुंडाळतो आणि काठ कधी ढासळेल त्याचा भरवसा नाही. पाणी उतरून दोन-चार दिवस एका पातळीवर थांबलं, रंग जरा निवळला की मग रोहू कटल्याला शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा. जूनमधे चढणीला लागलेले अंडीवाले मासे मी धरत नाही, ज्याचं त्यानं ठरवावं.

आता धरणाचं. राधानगरी धरण पंचगंगेला येणाऱ्या भोगावती नदीवर आहे आणि त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, हे लक्षात ठेवायची गोष्ट आहे. तलाव भरला की दरवाजा आपोआप उघडतो, पाणी कमी झालं की आपोआप बंद, कुणी बटण दाबायची वाट बघत नाही आणि रात्री दोनला पण उघडतो. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर, म्हणजे एका दरवाज्याचं सेकंदाला 40 हजार लिटर झालं, करा हिशोब. शहरापर्यंत येईस्तोवर एका दरवाज्याचं पाणी पसरून जातं, फारसं जाणवत नाही, पण धरणाच्या खाली राशिवडे, हळदीच्या बाजूला बसणाऱ्याला जाणवतं, आणि वर लख्ख ऊन असलं तरी जाणवतं. धरण भरत आलंय असं वाचलं की मी भोगावतीवर जातच नाही. संध्याकाळी दोन-तीन दरवाजे उघडले तर माझ्या जागेवर फरक दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो, हे मी वहीत वेळा लिहून काढलंय, तुमच्या जागेचं तुम्हालाच काढावं लागेल.

पण राधानगरी बंद आहे म्हणून पाणी वाढणार नाही असंही नाही बरं का. पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी पण येतात, त्यामुळं गगनबावड्याला रात्रभर पाऊस झाला की इथं कोरडं असताना नदी फुगते. म्हणून मी विसर्गाच्या आधी गगनबावड्याचा पाऊस बघतो.

शिरोळ, नृसिंहवाडीकडं बसणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, तुंबतं, म्हणून कृष्णेत येणारा कोयना धरणाचा विसर्ग आणि सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी पण बघावी लागते. कोयनेचं नुसतं पायथा वीजगृह चालू असेल तर 2100 क्युसेक, त्याचं काही नाही, वक्र दरवाजे उचलले की मग विचार करायचा.

उन्हाळ्यात हे आकडे कुणी पाठवत नाही. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या घातलेल्या असतात, शेतीपंप चालू झाले की पाणी खाली जातं, उपसाबंदी लागली की परत जरा थांबतं, तेव्हा उपसाबंदीच्या तारखा पेपरात बघून ठेवतो. पाणी काळं पडलं, वास यायला लागला की त्या मोसमात गळ माळ्यावर.

आणि पावसाळ्यात बसल्या बसल्या एक करतो, पाण्याच्या कडेला बरोबर एक काडी रोवतो. काडीच्या मागं वीतभर पाणी गेलं की लागलेला मासा असो नसो, सामान गुंडाळून वरच्या पायरीवर. मामा तर काडी दोन बोटं बुडाली तरी उठतात.