आईचं डायलिसिस आणि माझं फिजिक्स

आईचं डायलिसिस सुरू झालं आणि डोक्यात एकच किडा वळवळायला लागला, की आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला जोडून घेण्यापेक्षा दुसरं काही निघू शकतं का. मी फिजिक्सवाली, मेडिकलची नाही, त्यामुळे ठरवलं की जी आयडिया सुचेल ती आधी कागदावर आकड्यांत मांडायची आणि टिकली तरच आईच्या नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारायचं.

पहिला धक्का पाण्याचा. मशीनमधून मिनिटाला 500 मिली डायलायझेट (रक्तातली घाण ओढून घेणारं क्षारांचं पाणी) जातं, म्हणजे एका सेशनला 120 लिटर! अंगावर बाळगता येईल असं काही करायचं तर तेच थोडं पाणी पुन्हापुन्हा साफ करून वापरावं लागणार, आणि तिथे घोडं अडतं ते युरियापाशी. ॲक्टिव्हेटेड चारकोल (खास तयार केलेला कोळसा) क्रिएटिनिन, युरिक ॲसिड असली घाण धरून ठेवतो पण युरिया जवळपास सोडूनच देतो.

मग वाटलं विजेने फोडू युरिया. रोजचा 15 ग्रॅम धरला, रेणूमागे 6 इलेक्ट्रॉन, हिशोब केला तर चोवीस तास सलग साधारण 1.7 ॲम्पियर करंट लागतो. बॅटरीच्या दृष्टीने अगदीच अशक्य नाही, मी तर रात्रभर झोपले नाही आनंदाने. पण द्रावणात क्लोराइड भरपूर असतं, त्याच इलेक्ट्रोडवर त्याचंही ऑक्सिडेशन होतं आणि क्लोरीनवाली विषारी संयुगं तयार होतात, ती रक्तापर्यंत पोचता कामा नयेत. यावर संशोधन चालू आहे आणि मला ही वाट अजूनही खरी वाटते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी अल्ब्युमिनला (रक्तातल्या एका प्रोटीनला) चिकटलेल्या विषांवर घालवला. इंडॉक्सिल सल्फेट, पॅरा-क्रेसिल सल्फेट वगैरे, यांचा 90 टक्क्यांहून जास्त भाग प्रोटीनला चिकटलेला असतो आणि गाळणीतून जातो तो फक्त सुटा भाग, म्हणून रिपोर्टमध्ये युरिया छान उतरलेला दिसतो तरी ही मंडळी रक्तातच राहतात. इथे गाळणी मोठी करून भागत नाही, कारण भोकं मोठी केली की अल्ब्युमिनच निसटणार. मग चिकटलेलं सुटं कसं करायचं? त्याच जागेवर बसणारा दुसरा रेणू डायलायझरच्या (मशीनमधल्या गाळणीच्या) अगदी आधी रक्तात सोडायचा, की विष सुटतं आणि लगेच गाळलं जातं. आयबुप्रोफेन वापरून हे पेशंटवर करून पाहिलेलं आहे. (ही गोळी घरी कुणी या कारणाने घेऊ नका हात जोडून सांगते, आधीच कमजोर किडनीला ती घातक ठरते.)

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, सुटलेलं सगळं खरंच बाहेर गेलं नाही तर ते शरीरात कुठे जाईल? हा प्रश्न माझ्या गणितात नव्हता, आता तोच पकडून बसलेय. मशीन बंद झालं की आईच्या हातातल्या फिश्चुलावर (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या जागेवर) बोट ठेवून बघते, आत रक्त घरघरतं ते स्पष्ट जाणवतं, मग ती विचारते "काय गं, सापडलं का काही?" आणि मी तिला त्या दिवशीचं गणित समजावून सांगते, तिलाही आता डायलायझेटचा फ्लो किती ते पाठ झालंय.